घळीतली दुपार

माझ्या नवऱ्याने नोकरीची सगळी वर्षं चिप बनवण्याच्या कारखान्यात काढली. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडावर मास्क, हातात मोजे, आणि बाहेर ऊन आहे की ढग हे कळायला एक खिडकी नाही. रिटायर झाल्यावर यांनी पहिलं काम काय केलं, तर जीप घेतली. "आता फक्त उघड्यावर राहायचं," म्हणाले.

आम्ही चँडलरला राहतो. फिनिक्सला चिकटलेलं हे गाव आता इतकं पसरलंय, की उघडं म्हणावं असं काही बघायला तासन्‌तास गाडी हाणावी लागते. तशी हाणून हे वाळवंटात पोचले, आणि तिथे यांना मिशनं सापडली. दोन-तीनशे वर्षांपूर्वी स्पॅनिश पाद्री मेक्सिकोकडून वर आले आणि इथल्या लोकांना ख्रिस्ती करायला त्यांनी जागोजागी चर्चं बांधली. म्हणजे इथल्याच लोकांच्या हातून बांधून घेतली. त्यातली नावाजलेली आहेत तिथे पार्किंग आहे, बाथरूम आहे, शाळेच्या सहली येतात. यांना ती नको असत. यांना हवी असत ती रस्ता संपल्यानंतरची. कच्च्या विटांची एखादी उभी भिंत, एक कमानीचा तुकडा, आणि बाकी सगळी माती मातीत मिळालेली. साताऱ्याचा माणूस, कॉलेजात किल्ले पालथे घातलेला. पडकी भिंत दिसली की यांच्या अंगात येतं.

मला यात काडीचा रस नव्हता. पण मुलीने नियम घातला होता, बाबांनी एकट्याने जायचं नाही. ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, हर्नडनला असते. फोनवर म्हणाली, "मॉम, यू हॅव टू गो विथ हिम. प्रॉमिस मी." मी प्रॉमिस केलं आणि अडकले.

शनिवार उजाडला की जीप. खिडक्या बंद, नाहीतर धुळीने तोंड भरतं. धक्क्यांमुळे वाचता येत नाही, विणता येत नाही, झोप तर लांबच. डोक्यावरची मूठ धरून बसायचं. गाडी चालवताना हे बोलत नाहीत, सगळं लक्ष चाकांकडे. मी काही बोलले तर "हं." नाही म्हणायचं स्वातंत्र्य होतं मला, पण मी नाही म्हटलं तर हे एकटे जाणार, आणि मी दिवसभर घरात फोनकडे बघत बसणार. त्यापेक्षा मूठ बरी, असं म्हणत मी बसत आले.

त्या दिवशी आम्ही टुसॉन शहराच्या दक्षिणेला गेलो होतो. एप्रिल संपत आला होता आणि ऊन चावायला लागलं होतं. डांबरी रस्ता सोडल्यावर गुरांच्या कुरणांतून वाट जाते. वाटेत तारेची फाटकं लागतात. ती उघडायची, जीप जाऊ द्यायची, पुन्हा लावायची, हे शेजारी बसणाऱ्याचं काम. मला तेवढंच आवडायचं. फाटक लावायला उतरलं की दोन मिनिटं पायाखाली जमीन असे आणि इंजिनाचा आवाज लांब असे.

शेवटच्या फाटकानंतर वाट एका कोरड्या ओढ्याच्या काठाने चालली. इथे त्याला वॉश म्हणतात. वर्षभर वाळू, आणि पाऊस झाला की तासाभरात नदी. हिवाळ्यातल्या पावसाने डावीकडचा काठ खाल्ला होता. ओढ्यातून एक अरुंद घळ थेट वाटेपर्यंत आली होती. जीप डावीकडे सरकत होती.

"जरा उजवीकडे घ्या," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

आणि डावी चाकं खाली गेली.

मोठा आवाज असा झाला नाही. कड खचली, जीप कलंडत घळीत घसरली आणि दोन्ही भिंतींमध्ये पाचरीसारखी बसली. धूळ हळूहळू खाली बसली. मी पट्ट्याला लोंबकळत होते, यांच्या अंगावर पडायच्या बेतात. इथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे यांच्या बाजूची खिडकी मातीने पूर्ण भरली होती. माझं दार ढकललं तर वीतभर उघडलं आणि समोरच्या काठाला आपटलं.

"लागलं का?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

मला खरचटलं होतं. यांचा दरवाजा आत चेपला होता आणि डावं पाऊल त्याच्यात आणि ब्रेकच्या पेडलमध्ये अडकलं होतं. "दुखतंय का?" तर म्हणाले, "आवळलंय." ओढून पाहिलं, निघेना. त्या पायाचा गुडघा तर ऑपरेशन करून बदललेला, फारसा वाकतही नाही. मी खाली हात घालायचा प्रयत्न केला, पण स्टिअरिंगच्या पलीकडे माझा हात पोचत नव्हता.

यांनी इंजिन बंद केलं आणि एसी थांबला. थोड्याच वेळात आतली हवा अंगाला चिकटायला लागली. फोनला रेंज नव्हती. आजकालच्या फोनवरून उपग्रहाला मेसेज जातो, मुलीनेच तो प्रकार शिकवून ठेवला होता, पण त्याला मोकळं आकाश लागतं. आमच्या वर आकाशाची एक चिंधी होती.

"मागची काच उघडते," हे म्हणाले. "तू जा."

मी सीटवरून मागे गेले. साठी उलटलेल्या बाईने कलत्या जीपमध्ये पाण्याचे कॅन, खुर्च्या, डब्याची पिशवी बाजूला सारत रांगणं म्हणजे काय, ते तिथे कळलं. मागची काच लाथ मारल्यावर उघडली आणि मी डोक्यावरच वाळूत पडले. घळीच्या तोंडातून चढून वर आले.

वर आल्यावर मला पहिल्यांदा दिसली ती नारिंगी फीत. खचलेल्या काठाच्या आधी कोणीतरी एक लोखंडी सळई ठोकली होती आणि तिला लखलखीत नारिंगी फीत बांधली होती. वाऱ्यावर फडफडत होती. वाटेच्या डाव्या बाजूला, अगदी समोर. मी तर फाटकाच्या कडीने चिमटलेलं बोट बघण्यात गुंतले होते, वर पाहिलं तेव्हा जीप डावीकडे जाताना दिसली, एवढंच. पण यांचे डोळे रस्त्यावर होते.

पुढे थोड्या चढावर ते मिशन होतं. तिथे आकाश मोकळं होतं म्हणून मी तिकडे गेले. फोन वर धरला, तो सांगेल तसा फिरवला आणि विचारेल त्याची उत्तरं दिली. किती माणसं, कोणाला लागलंय का, पाणी आहे का. बऱ्याच वेळाने उत्तर आलं. मदत निघाली आहे, वेळ लागेल, जागा सोडू नका.

आणि मग मी तिथेच उभी राहिले. दोन भिंती उरल्या होत्या, एक माझ्या उंचीची, एक त्याहून वर. विटांमध्ये पेंढ्याच्या काड्या दिसत होत्या. आतल्या बाजूला चुन्याचा एक पट्टा शिल्लक होता, फिका गुलाबी. जिथे देव असेल तिथे एक मेस्कीटचं झाड उगवलं होतं. आपल्या बाभळीच्या जातीचं, तसंच काटेरी, पण सावली बरी. इतक्या सहलींमध्ये मी अशा जागी कधी एकटी उभी राहिले नव्हते. नेहमी शेजारी कोणीतरी सांगत असे, ही इथे वेदी होती, हा इथे दरवाजा. त्या दिवशी कोणी काही सांगत नव्हतं. वारा होता. मी सावलीत बसले.

हे लिहायला जड जातंय, पण मला उठावंसं वाटेना. खाली माझा नवरा पाय अडकून बसला होता आणि मी वर बसून गार वाटून घेत होते. मदत निघाली होती. मी खाली जाऊन काय करणार होते? पण खालून हाक आली. माझ्या नावाची. घाबरलेली. लग्नाच्या इतक्या वर्षांत यांनी मला अशी हाक मारलेली मला आठवत नाही. मी उठले, घसरत खाली गेले आणि त्याच काचेतून पुन्हा आत शिरले. पाण्याची बाटली दिली, ओढणी भिजवून यांच्या मानेवर ठेवली.

"येतायत," म्हटलं.

"तू गेलीस की काय असं वाटलं."

"कुठे जाणार? चँडलरला चालत?"

हे हसले. मी विचारलं, "अहो, तुम्हाला ती फीत दिसली नाही?"

"कुठली फीत?"

मी सांगितलं. हे समोरच्या काचेकडे बघत राहिले. काचेबाहेर माती होती.

"डावीकडचं जरा कमी दिसतं," म्हणाले.

"जरा म्हणजे?"

"मान वळवली की दिसतं."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्षभर. जास्तच."

वर्षभर. गेल्या वर्षीच गॅरेजच्या खांबाला आरसा घासला होता. शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा उडवला होता. आमच्या कोपऱ्यावर एक सायकलवाली मुलगी जवळजवळ गाडीखाली आली होती. मी किंचाळले म्हणून ती वाचली, आणि मग रस्ताभर हे माझ्यावर चिडले होते, उगाच ओरडतेस म्हणून. या प्रत्येक वेळी मी शेजारच्या सीटवर होते.

घरी आमचं भांडण झालं की मी स्वयंपाकघरात जाते आणि हे गॅरेजमध्ये. इथे जायला जागाच नव्हती. मी इतकी चिडले होते की बोलताना माझी थुंकी यांच्या बाहीवर उडाली. "मरायचंच होतं तर एकट्याने मरायचं. मला कशाला नेत होतात बरोबर? ती पोरगी मेली असती म्हणजे?"

हे म्हणाले, "डॉक्टरकडे गेलो असतो तर त्यांनी लायसन्स काढून घेतलं असतं. इथे दूध आणायचं तरी गाडी लागते. तू फ्रीवेवर जात नाहीस. मी काय करायचं मग? घरात बसायचं? खिडकी नसलेल्या जागेत मी आयुष्य काढलंय गं."

राग होताच, तो कुठे जात नव्हता, आणि मीही कुठे जात नव्हते. कलत्या सीटवरून मी घसरत घसरत यांच्या खांद्याला टेकले होते, आणि सरळ बसायला आधार नव्हता. तशा अवस्थेत आम्ही दुपार काढली. मध्ये डब्यातली थालीपिठं खाल्ली. हे म्हणाले, मीठ कमी आहे. मी म्हटलं, गप्प खा.

ऊन उतरल्यावर ट्रकचा आवाज आला. दोघं होते, एक उंच माणूस आणि पांढऱ्या वेणीची एक बाई, दोघंही मदतपथकातले. त्यांनी जीपला साखळी लावून ती वीतभर ओढली, मग दार कापलं, आणि यांचा पाय मोकळा झाला. सुजून निळा पडला होता, पण हाड शाबूत होतं. यांना बाहेर काढून वाळूत बसवलं, तेव्हा त्या माणसाने विचारलं, "व्हॉट हॅपन्ड, सर?"

"द रोड गेव्ह वे," हे म्हणाले.

बाईने फितीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी खाली बघितलं आणि साडीचा नसलेला पदर सारखा केल्यासारखं काहीतरी केलं. यांचं खोटं नव्हतं ते, रस्ता खचलाच होता.

त्यांच्या ट्रकमधून परतताना, डांबरी रस्ता लागल्यावर, फोनला रेंज आली आणि मुलीचा कॉल आला. मदतीचा मेसेज तिच्याही फोनवर गेला होता, ती रडत होती. "मॉम, आर यू ओके? इज बाबा ओके?" हे माझ्या शेजारीच होते. मी म्हटलं, "आम्ही बरे आहोत. बाबांना डावीकडचं दिसत नाहीये. वर्षभर. डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घे, सोमवारची मिळाली तर बघ." हे खिडकीकडे तोंड करून बसले. पुढे घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यानंतरही काही दिवस नाही.

काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डाव्यात फार पुढे गेलेला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी आणि ऑपरेशनने राखायची. ड्रायव्हिंग बंद. कारखान्यातल्या एका तरुण मुलाने मोडकी जीप नेली, त्याला दुरुस्तीची हौस आहे. जीप गेली त्या सकाळी हे घराबाहेर आले नाहीत.

मग मी फ्रीवेवर, त्या भरधाव हायवेवर, गाडी चालवायला शिकले. साठीनंतर, दुसऱ्या कोणाची सोय नव्हती म्हणून. पहिल्यांदा ट्रकच्या शेजारून गेले तेव्हा मी मोठ्याने रामरक्षा म्हणत होते आणि हे शेजारी बसून सांगत होते, "लेन धर, लेन धर." आता आम्ही पार्किंगवाल्या मिशनांना जातो, शाळेच्या सहलींबरोबर. हे पूर्वी गाडीत गप्प असत, आता अखंड बोलतात. ब्रेक उशिरा लावतेस, आरसा बघत नाहीस, ही भिंत कुठल्या काळातली, तो पाद्री कुठून आला. मध्येच विचारतात, "त्या दिवशीचं ते कसं होतं गं? तू पाहिलंस ना?" मी सांगते. गुलाबी चुना, झाड, पेंढ्याच्या काड्या. "एकदा जाऊ या," म्हणतात. मी नाही म्हणते. त्या वाटेवर मी गाडी घालणार नाही, आणि मला माहीत आहे की माझ्याखेरीज यांना कोणी तिथे नेणार नाही. नाही म्हटल्यावर गाडीत जी शांतता पसरते, ती घरी पोचेपर्यंत माझ्या मानेवर बसलेली असते.

पूर्वी मला निदान कंटाळण्याची मुभा होती. शनिवारी डोकं दुखतंय म्हटलं असतं तर हे रागावून का होईना, गेले असते. आता माझं डोकं दुखलं की दोन माणसं घरात राहतात. मैत्रिणी म्हणतात, बघ, किती स्वतंत्र झालीस. मी हसते.

गेल्या शनिवारी माझा चहा अजून संपायचा होता आणि गॅरेजमध्ये गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. डोकावले तर टोपी घालून, पट्टा लावून हे शेजारच्या सीटवर बसले होते. मी परत येऊन थोडा वेळ सिंकपाशी उभी राहिले. मग कप विसळला आणि बूट घातले.