ऑपरेटरचं दुर्लक्ष

मोशीत कातडीच्या रोगांचा दवाखाना टाकला की किस्से जमवावे लागत नाहीत, पेशंट फाइलसोबतच घेऊन येतात. त्यातून गाठ रक्तवाहिनीची, म्हणजे लालभडक असली, तर विचारूच नका! माझ्या आधी अख्ख्या गल्लीनं निदान केलेलं असतं.

* * *

चाकणचा एक फिटर. बोटावर वाटाण्याएवढी लाल गाठ, जरा धक्का लागला की भळाभळा रक्त. साधीच गाठ, दहा मिनिटांत काढण्यासारखी. या पठ्ठ्यानं तीन आठवडे तिच्यावर नळाची पांढरी टेप गुंडाळलेली!

"अहो, हे काय?"

"लीकेज होतं ना मॅडम."

* * *

तळेगावचे रिटायर्ड काका. डोक्यावर जांभळा डाग, पसरत चाललेला. थोरला मुलगा म्हणे हेल्मेट घासलं, धाकटा म्हणे मुका मार. चार महिने नुसती हळद! तुकडा तपासला तर रक्तवाहिनीचा कॅन्सर, तोही फार पुढे गेलेला. काका गेले. दहाव्यालाही दोघांचा वाद हेल्मेट की मार, हाच! मला अजून संताप येतो.

* * *

म्हणून सारिका ओवीला घेऊन आली तेव्हा मी आधीच तापलेली होते. साडेतीन महिन्यांची पोर, डाव्या पापणीवर दोन महिने वाढत आलेली लाल गाठ, डोळा जवळजवळ झाकलेला. गाठ कॅन्सरची नव्हती. पण या वयात डोळा झाकून राहिला तर तो बघायला शिकतच नाही. मी तिचा उजवा डोळा हातानं झाकला, तशी पोरीनं टाहो फोडला. डाव्यानं फारसं दिसतच नव्हतं.

"दोन महिने काय करत होतात?"

खेडकडच्या सासूबाई पुढे सरसावल्या. "हिनं ग्रहणात विळी धरली. मी सांगितलं व्हतं!"

"विळी कुठली? मी सेकंड शिफ्टला लाइनवर बोल्ट आवळत होते," सारिका रडकुंडीला आली.

"मग पापणीवर बोल्ट यायला हवा होता!" मी म्हटलं.

* * *

नवरा नितीन कंपनीत क्वालिटीला. शिकलेला माणूस, म्हटलं हा तरी शहाणा असेल. त्यानं खिशातून कागद काढला. पार्ट बिघडला की पाच वेळा 'का?' विचारून कारण शोधतात, तो व्हाय-व्हायचा कागद! पोरीच्या पापणीचा! पाचव्या 'का'पुढे लिहिलेलं: ऑपरेटरचं दुर्लक्ष. ऑपरेटर: सारिका.

"भल्या माणसा, ही गाठ कुणाच्या चुकीनं होत नाही! कागद भरायला वेळ होता, दवाखान्यात यायला नव्हता?"

* * *

सगळ्या तपासण्या करून रक्तदाबाचं औषध थेंबाथेंबानं सुरू केलं. या गाठीवर तेच चालतं.

"एवढ्याशा जिवाला बीपी?" सासूबाई.

"बीपी मला आहे, तुमच्यामुळं!"

* * *

सात महिन्यांनी सगळे परत आले. गाठ पार बसली होती. मी श्वास रोखून ओवीचा उजवा डोळा झाकला. ती रडली नाही. सारिकाच्या हातातल्या कागदावर तिनं झडप घातली आणि कोपरा तोंडात कोंबला.

"अगं, दे तो मॅडमना," सारिका म्हणाली.

तोही व्हाय-व्हायचाच निघाला, या वेळी सारिकाच्या अक्षरात. बिघाड: बाळाला दवाखान्यात आणायला दोन महिने उशीर. पाचवा 'का': ऑपरेटरचं दुर्लक्ष. ऑपरेटर: नितीन.

नितीन खाली मान घालून बसला होता. मी कागदाच्या तळाशी पाहिलं. 'मंजुरी' लिहिलेल्या चौकटीत निळ्या शाईचा अंगठा होता.

सासूबाई पदरानं बोट पुसत होत्या.