राखणीला लावलेल्या सीड्या

काकूचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या जिन्यात उभी होते. माझी तब्येत, मग आईची तब्येत, मग पुण्यात थंडी किती, असं सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली, "आणि तुझ्या त्या सीड्या हायत ना गो, त्या काकांनी राखणीला लावल्यानी."

मी म्हणाले, "बरं केलं."

माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. घरात बोलण्यापुरतं मराठी येतं, पण एखाद्या शब्दाचा वापर नेमका कसा होतो, हे बऱ्याचदा उशिरा कळतं. राखण म्हणजे राखून ठेवणं, असा मी अर्थ लावला. काकांनी खोकं उंदीर-वाळवीपासून लांब, माळ्यावर ठेवलं असणार. बाबांना जाऊन दहा महिने झाले होते. एका गोष्टीची काळजी संपली, एवढंच मनात आलं, आणि मी जेवायला गेले.

सीड्या म्हणजे खरं तर डीव्हीडी. जुन्या, हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशन चित्रपटांच्या. बाबा त्यांना 'चित्रांचे पिक्चर' म्हणत. ते मुंबईत एका छापखान्यात बाइंडिंग खात्यात होते आणि आई आणि मी रत्नागिरीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. महिन्याकाठी एकदा ते रात्रीच्या गाडीने यायचे. फोर्टमध्ये फुटपाथवर जुनी पुस्तकं घेऊन बसणाऱ्या एका माणसाकडे परदेशी डिस्क असत, त्यातली एक ते माझ्यासाठी आणत. या डिस्क आपल्याकडच्या प्लेअरवर चालत नसत. रिमोटवर ठरावीक आकडे दाबून प्लेअर आधी खुला करावा लागे. ते आकडे बाबांनी एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून टीव्हीमागे चिकटवले होते.

मी सातवीत असताना हे सुरू झालं. पुढे त्याला शिस्त आली. डिस्क पुसायची ती मधून काठाकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसली तर चरा पडतो. आमच्याकडे पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे डिस्कचं काय. चपलांच्या खोक्यांत ज्या ओल शोषणाऱ्या पुड्या असतात, त्या मी वर्गातल्या मुलींकडून मागून घ्यायचे. कशाला हव्यात, हे कोणाला सांगितलं नाही. प्रत्येक डब्यात एक पुडी ठेवायचे.

बाबांना चित्रपटापेक्षा त्याच्या आधीचे कच्चे नमुने आवडत. काही डिस्कवर ते असत. रंग न भरलेल्या, पेन्सिलच्या रेघा थरथरत चालायच्या. ते पाहताना बाबा एकच प्रश्न विचारत, "एवढा कागद कापला कोणी असेल?" त्यांचं आयुष्य कागद कापण्यात चाललं होतं, त्यामुळे तो प्रश्न खराच होता.

चित्रपट मात्र त्यांनी कधी पूर्ण पाहिला नाही. प्रवासाने थकलेले असत. साधारण अर्ध्यावर मान एका बाजूला कलायची. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना विचारायचे, "मग? मी झोपलो तिथून पुढे सांग." आणि मी सांगायचे. संवाद इंग्रजीत असत, ते मला मराठीत करावे लागत. मी फारसं बोलणारी मुलगी नव्हते, आजही नाही. सलग अर्धा तास मराठी मी आयुष्यात तेवढंच बोलले आहे.

शेवटची डिस्क त्यांनी शिमग्याला आणली. कुठल्याशा लहान देशातला जुना चित्रपट, वरचं प्लास्टिकही न काढलेला. डब्यावर निळ्या होडीचं चित्र होतं. एक अस्वल ती होडी चालवतं आणि त्याला टपालाची पिशवी नदीपलीकडे पोचवायची आहे, एवढं मागे छापलं होतं. दुसऱ्या दिवशी माझी पुण्यातल्या नोकरीची मुलाखत फोनवर होती आणि मी तयारीत होते. मी म्हणाले, "पुढच्या खेपेला बघू." बाबा म्हणाले, "बघू. पळून जातो काय पिक्चर?"

पुढची खेप झाली नाही. ते मुंबईतच गेले, कामावर असताना. मी रडले नाही. लोक माझ्याकडे बघत होते म्हणून असेल, किंवा रडू यायचंच नव्हतं म्हणून असेल. नोकरी लागली, खोल्या सोडल्या, आई माझ्याबरोबर पुण्याला आली. टीव्ही, प्लेअर आणि डिस्कचं खोकं काकांच्या गावच्या घरी गेलं, रत्नागिरीपासून एसटीने पाऊण तासावर. अस्वलाची डिस्क खोक्यात सगळ्यात वर होती. प्लास्टिक मी काढलं नव्हतं. ती पाहायची आहे, हे मला माहीत होतं. पाहिली की मग काय, ते माहीत नव्हतं. म्हणून राहिली.

वर्षश्राद्धाला आम्ही गावी गेलो. एसटीतून उतरून पाणंदीने वर चढताना काकांच्या आंब्याच्या कलमांतून डोळ्यांवर उजेड आला. एकदा, मग दुसरीकडून, मग चार ठिकाणांहून एकदम. फांद्यांना डिस्क टांगल्या होत्या. वाऱ्यावर फिरत होत्या.

मी बांधावर उभी राहिले. आई पुढे निघून गेली.

काकू घरामागच्या परड्यात ओले काजूगर सोलत बसली होती. चीक लागू नये म्हणून हातांना कोपरापर्यंत तेल चोपडलेलं होतं. मी विचारलं, "काकू, त्या सीड्या झाडावर?"

"मग राखणीला कुठे लावतात? कपाटात?" ती हसली. "सांगितलं तर होतं तुला. वानरांनी उच्छाद मांडलानी यंदा. बारकी कैरी होती ती चावून टाकून देतात मेले. ह्या चकाकल्या की जरा बिचकतात."

"सगळ्या लावल्या?"

"सगळ्या. डबे ठेवलेत हां नीट. त्यात सुया-बटणं बरी राहतात." मग माझ्याकडे पाहून ती थांबली. "कामाच्या होत्या काय गो? तू 'बरं केलं' म्हणालीस."

मी म्हणाले होते खरं. मी म्हटलं, "नाही. एकच बघायची होती. निळी होडी असेल वर."

काकांना हाक गेली. ते आकडी आणि शिडी घेऊन आले. प्रत्येक झाडाखाली मान वर करून ते ओरडत होते, "ही काय? ही? ह्यावर ससा हाय!" मी नाही म्हणत होते. ऊन, दव आणि खारा वारा खाऊन काही डिस्कवरची चित्रं पार उडाली होती. काहींची चांदी पापुद्र्यासारखी सुटली होती आणि त्यातून आभाळ दिसत होतं. सगळ्या बाबांच्या मेण लावलेल्या बाइंडिंगच्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या. रीळ त्याच खोक्यात होतं. त्यामुळे एकही तुटून पडली नव्हती.

चौथ्या कलमावर अस्वलाची मिळाली. काकांनी ती शर्टाला गोल गोल पुसून माझ्या हातात दिली. "घे. वानरांनी बघून घेतलानी असंल पिक्चर."

दुपारी, जेवणाची पानं उचलून झाल्यावर, मी प्लेअर जोडला. पुठ्ठ्याचा तुकडा टीव्हीमागे अजून होता. आकडे दाबले. काकू काजूगरांनी भरलेलं सूप घेऊन मागे येऊन बसली. आई आत आडवी झाली होती. डिस्क बराच वेळ आतल्या आत घरघरत राहिली आणि मग लागली.

चित्रपट चांगला होता. रंग मंद होते, अस्वल फार बोलत नव्हतं. नदी बाकी सगळ्यापेक्षा जास्त मन लावून काढलेली होती. मी शांतपणे बघत होते. काही होईल असं वाटलं होतं, ते होत नव्हतं. होडी मधोमध आली, पाऊस सुरू झाला, अस्वलाने पिशवी पोटाखाली घेतली आणि चित्र थांबलं. चौकोन चौकोन झाले. मी पुढे ढकललं, मागे घेतलं, काढून मधून काठाकडे पुसलं. चार वेळा ती तिथेच थांबली. मग पडद्यावर डिस्क नाही असं आलं.

"मग?" काकूने विचारलं. "पुढे काय झालं?"

"माहीत नाही."

"तुला माहीत नाय? भावजी तर सांगायचे, आमच्या बायला सगळ्या गोष्टी येतात. भाताच्या लावणीला आले की चिखलात उभे राहून सांगायचे ते. बाहुल्यांच्या घड्याळाची, त्या लंगड्या सशाची. आमचं अर्धं लक्ष आव्यातल्या रोपांत, अर्धं त्यांच्याकडे."

लंगड्या सशाच्या गोष्टीला बाबा दहाव्या मिनिटाला झोपले होते. म्हणजे जवळजवळ सगळी माझीच होती. ते ती गावाला नेऊन सांगत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी रिमोट खाली ठेवला.

"होडी पलीकडे जाते," मी म्हणाले.

"आणि पिशवी?"

"पिशवी भिजते. पण कागद चांगला असतो. अस्वल एकेक पत्र दगडांवर वाळत घालतं. शाई पसरते. मग ज्याला जेवढं वाचता येईल तेवढं तो वाचतो."

काकूने एक गर सोलून सुपात टाकला. "निम्म्या पत्राचा काय उपेग गो."

मी सांगत राहिले. किती वेळ, ते लक्षात नाही. नंतर आई उठून दारात उभी असलेली दिसली, तेव्हा थांबले.

निघताना काकांनी विचारलं, "बाकीच्या काढून देऊ काय?" मी म्हटलं, राहू देत, कैऱ्या मोठ्या होईपर्यंत लागतील. अस्वलाची तेवढी घेतली. काकूने तिच्या डब्यातली बटणं वाटीत ओतून डबा मला दिला.

ती डिस्क आता पुण्याला कपाटात आहे. चालणार नाही, हे मला माहीत आहे. चित्रपटाचा खरा शेवट शोधला तर कुठेतरी लिहिलेला सापडेल. मी शोधलेला नाही. डब्यात मात्र एक नवी पुडी टाकून ठेवली आहे, ओल लागू नये म्हणून.