चादरीनं मोजलेला स्लॅब

घरावरचा पत्रा काढून स्लॅब टाकायचं ठरलं तेव्हा खर्चाचा अंदाज काढायचं काम मी स्वतःकडे घेतलं. नवऱ्याकडे दिलं असतं तर "बघू की" म्हणत त्यानं पुढचाही उन्हाळा पत्र्याखाली काढला असता, आणि सोलापूरचा उन्हाळा पत्र्याखाली काढणं म्हणजे काय, ते काढलेल्यालाच ठाऊक. सिमेंट, वाळू, खडी, लोखंड, सेंट्रिंग, मजुरी असं सगळं मांडलं, बेरीज बघून डोळे पांढरे झाले, आणि मग मी एकेका गोष्टीवर काट मारत सुटले. पहिली काट बसली ती सासऱ्यांच्या ओट्यावर.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांची सगळी हयात चादरीच्या कारखान्यात मागावर गेली. कारखाना बंद पडला तसे ते घरी बसले. त्यांचे मागावरचे सोबती रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी उभे राहून गप्पा मारतात, पण मामांचे गुडघे असे की थोडा वेळ उभं राहिलं की घरी परत. त्यांना दारात बसायला एक ओटा हवा होता, बाकी काही नाही. पण ओटा म्हणजे सोबती, सोबती म्हणजे चहा, आणि चहा म्हणजे मी. "मामा, स्लॅबलाच ओढाताण आहे. अंथरूण पाहून पाय पसरायचे," असं सांगून मी मोकळी झाले. मामा काही बोलले नाहीत. माझं माहेर नातेपुत्याचं. आमच्याकडे सासरा गप्प बसला की विषय संपला असं धरतात. इकडं तसं नसतं, हे मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.

सेंट्रिंगच्या फळ्या ठोकून झाल्या. मिस्त्रीनं टेप धरून माप घेतलं आणि साडेचारशे चौरस फूट सांगितले. मामांनी मान हलवली.

"टेपचं काय खरं न्हाय. जरा ढिली सुटली की वाढती. चादर कदी वाढत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर घरातल्या एकाही अंथरुणावर चादर नाही. नवरा नुसत्या गादीवर मुटकुळं करून पडलेला. बाहेर आले, वर बघितलं, तर मामा दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी चढून फळ्यांवर चादरीला चादर भिडवून अंथरत होते. लाल, हिरव्या, जांभळ्या, मोराच्या, फुलांच्या. गल्लीला वाटलं आम्ही सेल लावलाय; एक बाई तर खालून भाव विचारून गेली. मामा कानडीत मोजत होते, ओंदु, एरडु, मूरु. अक्कलकोटकडची माणसं ही, भांडण मराठीत करतात आणि मोजणी कानडीत.

"अहो मामा, ट्रंकेत कोऱ्या चादरी पडल्यात की! पांघरायच्या कशाला ओढून नेल्या?"

"कोऱ्या मळतील की!" वरून उत्तर आलं. मला ते पटलं, काय करणार.

चौदा चादरी लागल्या. एका चादरीचं माप साडेसात फूट बाय पाच फूट, हे मामा झोपेतही सांगतात. गुणाकार मी केला आणि सव्वापाचशे फूट आले. मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "काका, एवढं जास्तीचं आलं कुठनं?"

"आन् अर्ध्यात माल संपला तर?" मामा म्हणाले. "स्लॅब एका दमात पडाय पायजे. जोड दिला की गळतो. मग तू येऊन बादली धरणार हाईस का?"

बादलीचं नाव निघताच नवरा घाबरला, आणि खरं सांगायचं तर मीही घाबरले. माल मामांच्या मापानं मागवला.

स्लॅबच्या दिवशी नारळ फुटला, मिक्सर धडधडला, मजुरांना पोटभर शिरा वाढला. दुपार टळायच्या आत स्लॅब पडून झाला. आणि खाली सिमेंटची पोती, वाळू, खडी उरलेली!

"वहिनी, ह्याचं काय करू?" मिस्त्रीनं विचारलं. "पोत्याला हवा लागली की दगड हुतोय."

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "वाया कशाला घालवायचं? हितं टाक."

हितं म्हणजे दाराशेजारी. तिथं फळ्यांचा एक लांबट चौकोन ठोकून तयार होता. आठवडाभर मी त्याला ठेचकाळत होते. कुत्री येऊ नयेत म्हणून ठोकलाय, असं मला सांगण्यात आलं होतं. गुडघाभर फळी ओलांडता येत नाही असं कुत्रं कुठलं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

अशा रीतीनं ओटा झाला. पुढं एकदा पाहुणे यायचे म्हणून मी ट्रंकेतली कोरी चादर काढून जुन्या चादरीवर टाकली, आणि जागच्या जागी बसले. जुनी चादर लांबीला अर्धा फूट आणि रुंदीला चार बोटं आखूड होती. धुतली की चादर आटते! आटलेल्या चादरी मोजायला घ्यायच्या आणि माप कोऱ्या चादरीचं सांगायचं. आणि गुणाकार माझ्या हातून करून घ्यायचा!

दोन्ही चादरी घेऊन मी तरातरा बाहेर गेले. मामा सोबत्यांना घेऊन ओट्यावर ऐसपैस बसले होते.

"मामा, चादर आटते."

"व्हय की."

"तुम्ही तर म्हणाला होता..."

"वाढत न्हाय म्हणलो हुतो. आटत न्हाय म्हणलो का?"

सोबती मांड्या थोपटून हसायला लागले. त्यातला एक तेलुगूत काहीतरी बोलला आणि ते आणखी हसले. मला राग आला, चांगला सणसणीत आला. पण मामाही हसत होते, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि कारखाना बंद पडल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलंच नव्हतं. ते बघून मला फार बरं वाटलं. ते दिसू नये म्हणून मी आवाज चढवला.

"चहा किती?"

"ऐदु," मामा म्हणाले.

ऐदु म्हणजे पाच, एवढं कानडी आता मला येतं. मी मोजलं. मामा धरून चौघंच होते.

"परत जास्तीचा हिशोब? पाचवा कुणाला?"

मामा थोडे बाजूला सरकले आणि शेजारची जागा धोतराच्या सोग्यानं पुसून दिली.