शेवटच्या दहा ओळी

धारगळला हमरस्त्यालगतच्या खड्ड्यातून पंप पाणी उपसत होता. डिझेल आणि तांबड्या चिखलाचा तो वास नाकात गेला, आणि मी मनाने पुन्हा डिचोलीजवळच्या खाणीच्या ऑफिसात जाऊन पोचलो.

त्या दुपारी खाणीच्या तळाशी चार माणसं बिघडलेला पंप दुरुस्त करत होती. खाली उतरताना चपला काठावर ठेवायची तिथली पद्धत होती. खाली किती जण आहेत ते त्यावरून कळे. पाण्याची पातळी दर मिनिटाला एका फाइलमध्ये नोंदली जाई. मी भलीमोठी सॉफ्टवेअर लायब्ररी वापरून तिचा देखणा आलेख बनवला होता. तो तासाची सरासरी दाखवायचा, म्हणून रेघ अगदी सपाट होती.

पंपांवर लक्ष ठेवणारे शंभूदादा सावंतवाडीकडचे. ते म्हणाले, "चित्र रवांदे रे. माका शेवटच्यो धा ओळी दाखय."

संगणकाच्या काळ्या पडद्यावर मी 'टेल' ही एवढीशी आज्ञा आणि फाइलचं नाव टाईप केलं. दहा आकडे आले. प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा.

"पाणी चढता!" दादांनी भोंगा दाबला. मी चिखलातून काठाकडे धावलो. एकेक जण धापा टाकत वर आला आणि चपला घालून बाजूला झाला. चौघेही आले, तरी एक जोडी उरलीच. पाचवा कोण? मी त्या जोडीकडे बोट दाखवलं.

मागोमाग आलेले दादा माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "ती तुझीच रे."

काठावर पोचताच मी ती कधी काढली, मला अजून आठवत नाही. आजही एखाद्या आलेखाची रेघ सपाट दिसली की मी आधी टेल चालवतो. आकडे येईपर्यंत बुटातले पाय अनवाणी वाटतात.