पत्र्यावर फेकलेला दात

आमच्या घरात पोरांचे दुधाचे दात मीच काढायचो. दोरा बांधून दाराला ओढणं मला कधी पटलं नाही. चिमटीत फडकं धरायचं, एक पीळ द्यायचा, झालं. मग दात शेणाच्या गोळीत घालून पत्र्यावर फेकायचा, तोही मीच. शेजारपाजारची पोरंही माझ्याकडेच यायची. कुणाची हिरडी पिकली नाही, हे आजही छाती काढून सांगतो.

नात नऊ वर्षांची झाली तरी तिचा वरचा पुढचा एक दुधाचा दात हलेना. शेजारच्या जागी नवा रुंद दात केव्हाच आला होता. सून म्हणाली, "मामा, हिला नाशिकला दातांच्या डॉक्टरकडं नेते. ते फोटो काढतात."

"फोटो कशाला? लग्न जमवायचंय का तिचं?" मी म्हणालो.

मुलगा ताटात बघत जेवत राहिला. विषय संपला. माझ्या घरात तो असाच संपायचा.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण पिंपळगावच्या द्राक्षबागांत मी सारा जन्म छाटणी केली. काडीचा शेंडा खुडला की खालचा डोळा फुटून कोंब येतो, हे मला कुणी शिकवू नये. दाताचंही तेच, असं मी धरून चाललो. नातीला ओट्यावर बसवलं. फडक्यानं जमेना तेव्हा पक्कड उकळून आणली.

"आबा, थांबा ना! आबा!"

"झालं, झालं. लय नाटकी हाय पोरगी."

दात पत्र्यावर फेकला आणि सांगितलं, महिन्यात नवा येतो बघ.

दोन वर्षं गेली. दात आला नाही. हिरडी तेवढी टणक फुगली. सुनेनं विषय काढला की मी म्हणायचो, "आमच्या घराण्यात दात उशिराच येतात." माझे स्वतःचे कधी आले, ते मला कुठं ठाऊक! शाळेत पोरं नातीला 'खिडकी' म्हणायला लागली. ती तोंडावर हात धरून हसू लागली. मग हसणंच कमी झालं.

एका सकाळी सून मला न विचारता तिला घेऊन निघाली. मीही बसमध्ये चढलो. डॉक्टरला खोटं पाडायला.

डॉक्टरीणबाई माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची. तिनं फोटो उजेडावर धरला. जबड्यात बारीक बारीक दातांसारख्या दाण्यांचा घोस, आणि त्याच्या वर खरा दात तिरपा अडकलेला. "ही दाताचीच गाठ आहे बाबा. साधी दिसते, कॅन्सरची नाही. पण काढावी लागेल. दुधाचा दात वेळेवर पडला नाही, तीच खूण होती. तो कुणी काढला?"

सून भिंतीकडे बघू लागली. नात म्हणाली, "आबांनी."

"मी काढला म्हणून गाठ झाली का?" मी विचारलं.

"नाही. ती आधीपासूनच होती. तेव्हाच फोटो काढला असता, तर गाठ काढल्यावर दात बहुतेक आपोआप खाली आला असता. आता तारेनं ओढून आणावा लागेल. वर्ष, दीड वर्ष जाईल."

त्यातलं 'नाही' तेवढं मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. परतीच्या बसमध्ये सुनेला ऐकवलंही. ती खिडकीबाहेर बघत होती.

पोरीला भूल देऊन हिरडी उघडली, गाठ काढली, अडकलेल्या दाताला बारीक साखळी चिकटवली. गाठ तपासायला गेली. अहवालही साधाच आला. गाठीतले दोन-तीन दाणे डॉक्टरीणबाईनं नातीला हौसेनं बाटलीत घालून दिले. घरी आल्यावर मी हात पुढे केला.

"आण इकडं. पत्र्यावर फेकतो."

तिनं मूठ मिटली. "नको आबा. तुम्ही फेकला की येत नाय."

बाटली तिच्या कंपासपेटीत गेली. आता दर महिन्याला मायलेकी तार आवळून घ्यायला नाशिकला जातात. मला चला म्हणत नाहीत. मीही विचारत नाही.

दाताचं टोक दिसायला लागलंय म्हणे. मला ते शेजारणीनं सांगितलं.