हातभर बर्फाच्या जागी ठोकळा

अंटार्क्टिकाहून परत आलो आणि दारव्ह्याच्या जीपमध्ये बसलो, तर शेजारच्या काकांनी पहिलाच प्रश्न केला, "तिकडं बोअरले पाणी किती फुटावर लागलं?"

मी म्हटलं, "काका, वरून खालपर्यंत पाणीच हाये तिथं. गोठून हाये फक्त."

"मंग एवढ्या लांब कायले गेलतास?" काका म्हणाले, आणि जीपभर हसू पिकलं. मीही हसलो. 

मी ड्रिलर आहे, पण बोअरवेलवाला नाही. आमचं काम कोळशाच्या शोधाचं. मुकुटबनच्या बाजूला, राजूरकडे, जिथे सांगतील तिथे रिग उभी करायची आणि जमिनीतून दगडाची सलग कांडी काढायची. तिला आम्ही कोर म्हणतो. कांड्या निघतील तशा लांब पेटीत ओळीने लावायच्या. मधला एखादा तुकडा भुगा होऊन गेला, तर त्या जागी तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा ठेवायचा आणि त्यावर किती खोलीवरचं गेलं ते लिहायचं. शेजारचे तुकडे सरकवून जागा भरायची नाही. नवीन असताना मी एकदा सरकवले होते. आमच्या रिगच्या मिस्त्रींनी अख्खी पेटी जमिनीवर पालथी केली आणि मे महिन्याच्या उन्हात माझ्याकडून पुन्हा लावून घेतली.

या मिस्त्रींच्या हाताखाली मी बारा वर्षं काढली. पण कोणी विचारलं, "हा तुमचा चेला का?" तर ते म्हणायचे, "हाये एक. नट आवळते." मला त्याचा भलता राग यायचा. अंटार्क्टिकात बर्फातून कोर काढायला माणूस हवा म्हणून माझी निवड झाली, तेव्हा पेढे घेऊन धावतच त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेढा खाल्ला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "तिथं बी नटच आवळशीन."

तर असा मी नट आवळायला पृथ्वीच्या टोकाला गेलो. आम्ही सहा माणसं, चार तंबू आणि चहूकडे पांढरं. सूर्य मावळायचं नावच घेत नव्हता. बायकोने दिलेलं तिखट आणि ज्वारीचं पीठ मी जिवापाड जपलं. कॅम्पच्या प्रमुख एक कोकणातल्या मॅडम होत्या, पन्नाशीच्या, बर्फाच्या अभ्यासातल्या. माझी बोली ऐकून त्या खूश व्हायच्या. "आज काय करून राह्यले?" असं मलाच विचारायच्या, आणि चुकीच्या ठिकाणी जोर द्यायच्या. ही जागा मिळवायला त्यांना सहा वर्षं खेटे घालावे लागले होते. ड्रिल एकच होतं, केबलला टांगून भोकात सोडायचं आणि विंचने वर ओढायचं. ठरलेल्या खोलीपर्यंतची सलग कांडी हाती आली तर सहा वर्षांचं चीज, नाहीतर हात हलवत परत.

पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, ड्रिल थंडच ठेवायचं, उबेत आणायचं नाही. मी मान डोलावली. पण सवय बाप्पा कुठे जाते? आमच्याकडे उन्हाळ्यात लोखंड असं तापतं की हात लावला की फोड. म्हणून मिस्त्री अवजारं बाभळीखाली ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायला लावतात आणि हाताला सोसेल झाल्यावरच कामाला घेतात. इथे उलटं होतं, लोखंड गारठून हाताला डसायचं. आम्हाला न्यायला हेलिकॉप्टर यायला चार दिवस राहिले होते. त्या सकाळी ड्रिलच्या तोंडाची पाती बदलायची होती आणि जाड हातमोज्यात बारके स्क्रू काही केल्या धरता येईनात. माझं डोकं फिरलं. ड्रिलचं तोंड उचललं, स्वयंपाकाच्या तंबूत नेलं, स्टोव्हजवळ बसून मजेत पाती बदलली. लोखंड हाताला छान सोसेल झालं होतं. तसंच बसवलं आणि भोकात सोडलं.

बुडाशी टेकलं, वीतभर कापलं आणि थांबलं. मोटर फिरेना, केबल हलेना.

मला तिथल्या तिथे कळलं. कोमट लोखंडाने भोवतालचा बर्फ वितळवला आणि ते पाणी क्षणात पुन्हा गोठलं. मी माझ्या हाताने ड्रिल बर्फात चिणलं होतं. 

मॅडम धावत आल्या. त्यांना वाटलं, बर्फाचा चुरा अडकलाय. चुरा असेल तर उपाय एकच, केबलला जोरात हिसका. त्या म्हणाल्या, "विंच चालू करा. पूर्ण जोर लावा."

बटण माझ्याच हाताखाली होतं. गोठलेल्या ड्रिलला हिसका दिला तर केबल तुटणार, ड्रिल कायमचं खाली आणि मॅडमची सहा वर्षंही तिथेच. गप्प राहिलो असतो तर कोणाला काही कळलंही नसतं. मी हात काढून घेतला.

"मॅडम, चुरा नाही. मी तोंड स्टोव्हजवळ नेलं होतं. ते गरम होतं."

 मग मॅडम जे बोलल्या ते इथे लिहीत नाही, पण कोकणी माणसाला शिव्या येतात याची खात्री पटली. बोलून झाल्यावर त्यांनी बर्फ विरघळवणारा द्रव भोकात ओतायला लावला, केबल हलकी ताणून ठेवली आणि म्हणाल्या, "आता फक्त वाट बघायची. तू जा स्वयंपाकाच्या तंबूत. तुला तिथली ऊब आवडते ना?"

मी गेलो. जपलेलं सगळं पीठ काढलं आणि सहा जणांच्या भाकरी थापल्या, झुणका केला. करपलेली माझ्याकडे घेतली. मॅडमनी दोन भाकरी घेतल्या आणि केबलपाशी जाऊन खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी केबलच्या ताणाचा काटा एकदम खाली आला. ड्रिल सुटलं. आम्ही सहाही जण वेड्यासारखे नाचलो, मॅडमसुद्धा. पण त्या द्रवाने ड्रिलच्या आतला आणि भोकाच्या बुडाचा मिळून हातभर बर्फ खराब झाला होता. तो टाकून द्यावा लागला.

पेटीत हातभर जागा रिकामी दिसत होती. माझा जोडीदार हळूच म्हणाला, "तुकडे थोडे सरकव. फोटो चांगला येईल." मी खोक्याची फळी कापली, ठोकळा केला, खोली लिहिली आणि खाली लिहिलं, 'ड्रिल गरम सोडल्यामुळे गेला. चूक ड्रिलरची.' मॅडमनी वाकून वाचलं आणि तेच शब्द वहीत उतरवून घेतले. मग म्हणाल्या, "चल, काय पाहून राह्यला? ड्रिल थंड हाये ना?" या वेळी जोर बरोबर पडला होता. हेलिकॉप्टर यायच्या आदल्या दिवशी आम्ही ठरलेली खोली गाठली.

दारव्ह्याला घरी दोन दिवस काढून मुकुटबनला रिगवर गेलो. चहाची वेळ होती. सगळे पेंग्विनचं विचारत होते. मिस्त्री तेवढे चहा फुंकत ऐकत होते. मी अडकलेल्या ड्रिलची गोष्ट सांगितली, स्टोव्हसकट. पोरं खो खो हसली.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "गेलं किती?"

"हातभर."

"मंग?"

"ठोकळा ठेवला. काहून गेलं ते बी लिवलं."

मिस्त्री चहा संपवून उठले. रिगवर त्या दिवशी नवीन आलेला साहेब उभा होता, त्याच्याजवळ गेले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा माह्यापाशी शिकला."