हे नावेत बसले

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी अंबाझरी तलावातल्या पोहण्याच्या शर्यतीत नाव दिलं. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते आणि धरमपेठेतल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते. पोहणं लहानपणापासूनचं, पण सगळं तरणतलावातलं, बायकांच्या वेळेतलं. तिथे तळ दिसतो, चार हातांवर भिंत असते. तलावात मी कधी उतरले नव्हते.

प्रत्येक पोहणाऱ्याबरोबर एक नाव राहणार होती. बाईमाणूस असेल तर नावेत घरचं कुणीतरी हवं, असं आयोजकांनी सांगितलं. माझे भाऊ तेव्हा नागपुरात नव्हते. उरले हे.

ह्यांना पाण्याची भीती होती. सात वर्षांचे असताना कळमेश्वरकडच्या गावी विहिरीत पडले होते. काकांनी केस धरून बाहेर काढलं. तेव्हापासून विहिरीवर आंघोळ करायची झाली तरी काठापासून लांब बसत. म्हणून मी ह्यांना काही विचारलंच नाही. शर्यतीतून नाव मागे घ्यायचं मनाशी ठरवत होते. दोन दिवसांनी ऑफिसातून आल्यावर बूट काढता काढता हे म्हणाले, "नावेत मी बसेन."

डिसेंबरात आमचा सराव सुरू झाला. पहाटे साडेपाचला स्कूटरवरून तलावावर जायचं. अंगाला तिळाचं तेल चोळून मी पाण्यात उतरायची तेव्हा दात वाजत. हे मफलर गुंडाळून नावेच्या मधोमध बसत, दोन्ही बाजूंच्या कडा घट्ट धरून. नाव वल्हवणारा म्हातारा तिथलाच मासेमार होता. तो ह्यांना नीट बसा म्हणून सांगे, हे मान हलवत, पण बोटं सुटत नसत.

शर्यतीला तीन आठवडे होते तेव्हा पलीकडच्या काठाजवळ माझ्या घोट्याला काहीतरी गुंडाळलं गेलं. पाणगवत होतं. मी पाय झटकला, ते आणखी आवळलं. मी जोरात लाथा मारू लागले आणि नाकातोंडात पाणी गेलं. हे नावेत उभेच राहिले. नाव एका बाजूला कलली. म्हाताऱ्याने ह्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, "पाय ढिले सोडा जी, बाई. वढू नका. ते आपोआप सोडते."

मी पाठीवर झाले, पाय सोडून दिले. थोड्या वेळाने गवताची पकड खरंच सुटली.

आम्ही घरी आलो. चहा पिऊन झाल्यावर हे म्हणाले, आता पुरे. मी कपबश्या उचलून आत नेल्या. चार दिवस घरात आम्ही भाजी, दूध, वर्तमानपत्र एवढंच बोललो. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांचं खरं होतं हेही कळत होतं. त्यामुळे राग जास्तच येत होता. पाचव्या दिवशी पहाटे मी उठले तर हे मफलर बांधून तयार होते.

"एक ऐक," हे म्हणाले. "तू हात पुढे केलास तरच मी करेन. त्याआधी नाही. पण बुडायच्या आत कर."

मी हो म्हटलं.

शर्यतीच्या सकाळी काठावर गर्दी होती. आम्ही नऊजण होतो, त्यात मी एकटीच बाई. आपल्या नावेला किंवा नावेतल्या माणसाला हात लागला की बाद, असं पुन्हा एकदा सांगण्यात आलं. पहिला अर्धा भाग बरा गेला. मग वारा सुटला, लाटा तोंडावर येऊ लागल्या आणि पलीकडच्या काठावरचं लाल निशाण दिसेनासं झालं. नेमका तेव्हाच उजव्या पोटरीत गोळा आला. मी जागीच थांबले.

नाव जवळ आली. हे पुढे वाकले होते. चेहरा पांढरा पडला होता, पण हात नावेच्या कडेवरच होते. माझ्यापासून वीतभर अंतरावर.

"येतेस?"

मला जायचं होतं. खरंच जायचं होतं. ह्यांच्या हाताकडे बघत मी मान नाही म्हणून हलवली.

"मग पाठीवर हो. पाय सोड."

मी पाठीवर झाले. गोळा उतरायला किती वेळ लागला कोण जाणे, तेवढ्यात दोघेजण मला ओलांडून पुढे गेले. पुन्हा हात मारायला लागले तेव्हा हे नावेतून दिशा सांगू लागले. उजवीकडे. अजून उजवीकडे. आता सरळ. आवाज थरथरत होता, पण थांबला नाही. निशाण मला दिसलं ते काठ पायाला लागल्यावरच.

मी सातवी आले. कुणीतरी टॉवेल टाकला, कुणी चहा दिला. वळून पाहिलं तर हे अजून नावेतच होते. म्हातारा त्यांच्यासमोर बसून त्यांची बोटं एकेक करून कडेवरून सोडवत होता. काठावर आल्यावर हे जरा बाजूला गेले आणि ओकले. मी पाठीवरून हात फिरवला. "जा, कपडे बदल, गारठशील," हे एवढंच म्हणाले.

पुढच्या काही वर्षांत मी आणखी चार शर्यती पोहले. धाकटा भाऊ बदली होऊन नागपुरात आला होता, तो नावेत बसायचा. हे काठावर उभे राहत. मी त्यांना नावेत चला असं पुन्हा कधी म्हटलं नाही, आणि मी तो विषय का काढत नाही, असं त्यांनीही कधी विचारलं नाही.